पाटीवरचं अक्षर निवडताना

अगं, सडक अर्जुनीत महामार्गाला लागून तुझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं दुकान उभं राहतंय, याचा मला फार अभिमान वाटतो. म्हणूनच पाटीबद्दल मोकळेपणानं बोलते.

पत्रा कापून काटकोनात वाकवल्यासारखी ती अरुंद, टोकदार अक्षरं तुला आवडलीत. लोखंडाच्या कामाला ती शोभतातही. पण पेंटरला इंग्रजी फॉन्ट दाखवून 'असंच मराठीत काढा' म्हणू नकोस. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ मध्ये 'राजधानी' आणि 'टेको' हे देवनागरी फॉन्ट आणले, ते बघ. टेकोची पहिली आखणी मनुषी पारीख यांची. रेघ जवळपास एकाच जाडीची, वळणं चौकोनी. राजधानी त्याहून थोडी मोकळी. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, धंद्यासाठी वापरायलाही पैसे पडत नाहीत.

आता खरी काळजी सांगते. फ्लेक्सवाला जागा पुरेना म्हणून साधा फॉन्ट दोन्ही बाजूंनी दाबतो. मग उभ्या रेघा बारीक होतात, शिरोरेघ मात्र तेवढीच जाड राहते आणि अक्षर आजारी दिसतं. उलट अक्षरांत अंतर वाढवायला सांगितलं, तर शिरोरेघच तुटते. इंग्रजीला हे दुखणं नाही, कारण त्यांची अक्षरं सुटीच असतात. म्हणून मुळातच अरुंद आखलेला फॉन्ट घे, दाबलेला नको. आपल्या गावाचं नावच लिहून बघ ना! 'अर्जुनी'त वर रफार, खाली उकार, शेजारी वेलांटी. वरखाली जागा सोडली नाही, तर रफार चौकटीला चिकटतो. जुन्या कोरलड्रॉमध्ये जोडाक्षरं फुटतात, तेही छापण्याआधी डोळ्यांखालून घाल.

ताशी साठच्या वेगानं जाणारा ट्रक सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे सरकतो. त्या ड्रायव्हरला एक नाव वाचता आलं तरी पुष्कळ झालं. तेव्हा हा कोनदार ठसा फक्त दुकानाच्या नावाला दे, तोही ठळक. गेट, ग्रिल, शटर, ट्रॉली दुरुस्ती आणि फोन नंबर यांना मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' बरा. साधा आहे, पण चष्मा घरी विसरलेल्या शेतकऱ्यालाही वाचता येतो. तुझं गिऱ्हाईक तोच आहे, आणि राइस मिलवाले. नावाला तीन रंग आणि सावल्या तर अजिबात नकोत, बाई. काळ्यावर पिवळं किंवा पांढऱ्यावर काळं, बस्स.

फ्लेक्सला पैसे देण्याआधी एक कर. नाव मोठ्या कागदावर छापून दुकानावर चिकटव आणि रस्त्याच्या पलीकडून आईला वाचायला लाव. ती अडखळली, तर फॉन्ट कितीही आवडला असला तरी बदल.