चंचल मूल आणि ऊन

काही मुले एका जागी बसतच नाहीत. पाटी अर्धी सोडून उठतात. सांगितलेले काम विसरतात. "पोरगं वांड आहे," असे म्हणून आपण मोकळे होतो. कोणी मारतात, कोणी गंडा बांधतात. शेवटी पोर शाळा सोडते.

थोडी चंचलता साऱ्याच मुलांत असते. पण घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ असेच चालले आणि शिकणे अडले, तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला एडीएचडी म्हणतात. त्यात मुलाचा दोष नाही. आईबापाचाही नाही.

कोणी सांगतात, "याला ‘ड’ जीवनसत्त्व कमी आहे. गोळी द्या, पोर शांत होईल." हे खरे काय?

‘ड’ जीवनसत्त्व उन्हामुळे आपल्या कातडीत तयार होते. ते हाडे बळकट करते. ते फार कमी पडले तर मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात. एडीएचडी असलेल्या पुष्कळ मुलांच्या रक्तात ते कमी आढळले, हेही खरे. पण त्यानेच हा आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही. आपल्या सिंदीत पोळ्याला कधी पाऊस येतो. म्हणून पोळ्याने पाऊस आणला, असे आपण म्हणतो काय?

तेव्हा मुलांना रोज मोकळ्या उन्हात खेळू द्या. काचेआडचे ऊन कामाचे नाही. उन्हाळ्यात भर दुपारी नको, सकाळी खेळू द्या. हाडांना ते हवेच. पण गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. ती अति झाली तर मूत्रपिंड बिघडते.

मुलाची तपासणी करा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते. त्या डॉक्टरांना सारे मोकळेपणी सांगा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामला मोठा दवाखानाही आहे.

घरीही उपाय आहेत. आम्ही शाळेत अशा मुलांना पुढे बसवीत असू. काम थोडे थोडे देत असू. झाले की शाबासकी देत असू. तुम्हीही तसे करा. एका वेळी एकच काम सांगा. मारू नका. माराने लक्ष लागत नाही, भीती मात्र बसते.

सांगा बरे :
१. ‘ड’ जीवनसत्त्व कशामुळे तयार होते?
२. गोळी कोणाला विचारून द्यावी?
३. चंचल मुलाला मारू नये, ते का?