हात स्थिर, तर चित्र स्थिर



दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनात आपल्या शाळेच्या एका सेवानिवृत्त बाई मंचावर आल्या होत्या. वय ८२. इंदूरच्या वाड्यातले बालपण, कंदिलापाशी केलेला अभ्यास, शाळेचे सुरुवातीचे दिवस यांविषयी त्या २० मिनिटे बोलल्या. मी समोर उभा राहून, हात लांब करून, झूम करून ते सारे मोबाईलवर टिपले. चार महिन्यांनी बाई गेल्या. त्यांच्या मुलाने चित्रफीत मागितली, तेव्हा मी ती प्रथमच नीट पाहिली. आवाज चांगला होता; पण बाईंचा चेहरा सतत हलत होता, मधूनच चौकटीबाहेर जात होता. ती देताना मला फार संकोच वाटला. म्हणून हा पाठ. आधी मी शिकलो, आता तुम्हांस सांगतो.

चित्र का हलते?

कॅमेरा काही क्षण प्रकाश आत घेतो आणि त्यातून चित्र तयार होते. भर उन्हात हा क्षण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका लहान असू शकतो. संध्याकाळी सभागृहात तो दहाव्या-विसाव्या भागापर्यंत वाढतो. तेवढ्या वेळात हात हलला की चित्र पुसट होते. म्हणजेच प्रकाश जितका कमी, तितकी स्थिरता जास्त हवी.

झूम केल्याने चेहरा मोठा होतो, तसा हाताचा कंपही मोठा होतो. माझी चूक नेमकी हीच होती. झूम करण्याऐवजी दोन पावले पुढे जावे.

फोटो काढताना

१. फोन दोन्ही हातांनी धरा. कोपरे बरगड्यांना टेकवा.
२. पायांत थोडे अंतर ठेवा. जवळ भिंत, खांब किंवा दार असल्यास खांदा टेकवा. बसला असाल तर कोपरे गुडघ्यांवर ठेवा.
३. श्वास हळू सोडा आणि त्या शांत क्षणी बटण दाबा.
४. बटण दाबतानाही फोन हलतो. फोन टेकवून ठेवला असेल तर तीन सेकंदांचा टायमर लावा.

व्हिडिओ काढताना

पुष्कळ फोनमध्ये कंप कमी करणारी सोय असते. एका प्रकारात भिंगाचा किंवा सेन्सरचा भाग हाताच्या उलट दिशेने सरकतो. दुसऱ्या प्रकारात फोन चित्राच्या कडा थोड्या कापून प्रत्येक चौकट जुळवून घेतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांना मर्यादा आहे.

चालत चित्रण करायचे असल्यास गुडघे किंचित वाकवा, पावले लहान टाका, टाच आधी टेकवा. फोन फिरवायचा असेल तर फक्त मनगट न वळवता कमरेपासून सावकाश वळा. एक दृश्य मनात दहा अंक मोजेपर्यंत तसेच राहू द्या. सुरू करण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. नाहीतर मध्येच आलेल्या फोनमुळे चित्रण थांबू शकते आणि व्हायब्रेशनने चित्रही हलते.

घरातील साधने

तिपाई अर्थात ट्रायपॉड नसेल तर जाड पुस्तकांचा ढीग करा. तांदूळ किंवा डाळ भरलेल्या कापडी पिशवीवरही फोन छान बसतो. मोबाईलच्या होल्डरला सुतळी बांधून तिचे दुसरे टोक पायाखाली दाबा आणि फोन वर ओढून धरा. सुतळी ताणलेली राहिली की वर-खाली होणारा कंप बराच कमी होतो.

एक सावधगिरी पालकांसाठी. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये सूचना दिली होती की मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनाच्या कंपनांचा मारा होत राहिल्यास आयफोनच्या कॅमेऱ्याची कार्यक्षमता कमी होऊ शकते. गाडीच्या हँडलवर फोन लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. फोन कितीही स्थिर असला तरी नाचणारे मूल पुसटच येईल, कारण तेथे मूल हलते आहे. त्याला सोपा उपाय म्हणजे अधिक प्रकाश.

करून पाहा

रात्री खोलीत एकच दिवा लावा. भिंतीवरील घड्याळाचे तीन फोटो एकाच जागेवरून काढा : हात लांब करून, कोपरे अंगाला टेकवून आणि फोन पुस्तकांवर ठेवून टायमर लावून. तिन्ही मोठे करून आकडे वाचा. फरक वहीत लिहा.

यानंतर खरा गृहपाठ. आपल्या आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीस विचारून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांना खिडकीच्या उजेडात बसवा. फोन टेकवून ठेवा आणि पाच मिनिटे त्यांच्या बालपणाविषयी बोलू द्या. मध्ये टोकू नका. त्यांची इंदुरी मराठी, तिच्यात सहज मिसळणारी हिंदी, जशी आहे तशी येऊ द्या. सुट्टीनंतर चित्रफीत वर्गशिक्षकांना दाखवा. मूळ प्रत मात्र घरी जपून ठेवा.

शाळेसाठी एक चांगली तिपाई घ्यावी, अशी विनंती मी विश्वस्त मंडळाला केली आहे. ती येईपर्यंत पुस्तकांचा ढीग पुरेसा आहे. बाईंचे चित्रण मला पुन्हा करता येणार नाही. तुमच्या घरचे मात्र आजच करता येईल.

— मुख्याध्यापक