निसर्गपाठ : कुंपणावरील पिवळी कण्हेर

शिंदखेडा तालुक्यात पाऊस थोडा. तरीही शाळेच्या कुंपणाची पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, उन्हाळ्यातही हिरवी असते. शेळ्या तिला तोंड का लावीत नाहीत, या प्रश्नाने पाठास आरंभ करावा.

निरीक्षण : पाने अरुंद, लांबट, चकचकीत व एकाआड एक असतात. तांबड्या कण्हेरीची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात. हा भेद दाखवावा. फूल नसराळ्यासारखे असून पाच पाकळ्या पिळलेल्या असतात. फळ हिरवे, कोनदार, पिकल्यावर काळे. आत टणक बाठा असतो. डहाळी शिक्षकाने स्वतः मोडून पांढरा चीक दाखवावा व हात धुवावेत.

माहिती : हे झुडूप मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. लिनेयसने १७५३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ‘थेवेशिया’ हे नाव आंद्रे थेवे या फ्रेंच प्रवाशावरून पडले.

दक्षता : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता द्यावे. सर्व झाड विषारी आहे; बी सर्वांत अधिक. त्यातील थेवेटिन हृदयाची गती बिघडविते व प्राणही घेते. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो, म्हणून मुलांस खेळू देऊ नये. बालवाडीच्या अंगणात हे झाड लावू नये. मुलाने बी खाल्ल्यास, ते ठीक दिसले तरी, घरगुती उपायांत वेळ न दवडता उरलेल्या फळासह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

गृहपाठ : पान व फूल यांचे चित्र काढून खाली ‘विषारी’ असे लिहावे व ते घरी दाखवावे.