ऑइल चेंजचं सेंटर टाकताय? आधी डीपीएफची राख समजून घ्या

व्हिडिओत हिशोब घाईत झाला, म्हणून इथे नीट मांडतोय.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झालं. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातले कण अडवणारा फिल्टर असतो. त्यात दोन गोष्टी साठतात, आणि गिऱ्हाईक दोन्हींना ‘कार्बन’च म्हणतं. तुम्ही तसं म्हणू नका.

पहिली काजळी. ती डिझेल अर्धवट जळल्यामुळे होते. फिल्टर साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापला की ती जळून जाते, यालाच रिजनरेशन म्हणतात. दुसरी राख. ती मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते. आता चुलीतली राख पुन्हा पेटवून बघा, पेटते का? तसंच इथे. कितीही रिजनरेशन करा, राख जागची हलत नाही. फिल्टर काढून मशीनवर साफ करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो, आणि टेम्पोवाल्याचा त्यात महिन्याचा धंदा जाऊ शकतो.

ऑइलमध्ये राख कुठून आली? कॅल्शियम, मॅग्नेशियमचे डिटर्जंट असतात, ते ॲसिड मारतात आणि पिस्टन स्वच्छ ठेवतात. झिंकचं ॲडिटिव्ह झीज थांबवतं. या धातूंचीच राख होते. काजळीचे गोळे होऊ न देणारं डिस्पर्संट मात्र सहसा बिनधातूचं असतं, त्याची राख होत नाही. जुन्या डिझेलमध्ये गंधक जास्त होतं, म्हणून डिटर्जंटही जास्त लागायचं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम. म्हणून कमी राखेचं ऑइल म्हणजे ‘हलका माल’ नव्हे, हे गिऱ्हाइकाला पटवता आलं पाहिजे.

आता हिशोब. समजा गाडी १०,००० किलोमीटरला १ लिटर ऑइल खाते. १ लिटर म्हणजे अंदाजे ८५० ग्रॅम. १.५ टक्के राखेच्या ऑइलमधून जास्तीत जास्त १३ ग्रॅम राख, ०.८ टक्केवाल्यातून ७. लाखभर किलोमीटरला १३० विरुद्ध ७० ग्रॅम. फिल्टर तोच, आयुष्य जवळपास अर्धं. डब्यामागे वाचवलेले शे-दोनशे रुपये कुठे गेले ते कळलं ना?

डब्यावर काय बघायचं? आधी गाडीचं मॅन्युअल, मग डबा. एसीईए सी३ असेल तर राखेची मर्यादा ०.८ टक्के, एपीआय सीके-४ असेल तर १ टक्का. ‘डिझेलसाठी खास’ या शब्दांना काही अर्थ नाही. काउंटरवर वरून ओतायच्या बाटल्या ठेवायला सेल्समन मागे लागतील, मार्जिनही चांगलं असतं. पण बाटलीत धातूचं ॲडिटिव्ह असेल तर तुम्हीच राख वाढवताय. मी तरी बीएस-६ गाडीत ती ओतू देणार नाही.

अजून एक. शहरात थोडं-थोडं चालणाऱ्या गाडीचं रिजनरेशन अर्धवट राहतं, आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल काही गाड्यांत ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर ‘बरंय, ऑइल खात नाही’ म्हणून सोडू नका, ते ऑइल पातळ झालंय. लगेच बदला आणि बिलावर ग्रेड, किलोमीटर, तारीख लिहून द्या. उद्या फिल्टरवरून वाद झाला तर तेच बिल तुमच्या बाजूने बोलेल.