क ते ह : संगणकाचा पल्ला आणि आपली वर्णमाला

मजकुरातून ठराविक नमुन्याचे शब्द शोधण्यासाठी संगणकाला जी सूत्रे देतात, त्यांस रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्यात [क-ह] असे लिहिले की 'क'पासून 'ह'पर्यंतचे कोणतेही एक अक्षर, असा अर्थ होतो. परंतु विद्यार्थीमित्रहो, संगणकाला वर्णमाला येत नाही. तो केवळ अक्षरांचे क्रमांक पाहतो. यूनिकोडमध्ये 'क' २३२५ वर, 'ह' २३६१ वर. मधले सारे पल्ल्यात आले.

आता 'ळ' पाहा. आपण तो 'ह'नंतर म्हणतो, म्हणून कोणी सर्व व्यंजनांसाठी [क-ळ] लिहील. पण 'ळ'चा क्रमांक २३५५, 'ल'च्या लगेच पुढचा. तेव्हा व, श, ष, स, ह ही पाचही अक्षरे बाहेर राहिली! 'क्ष' तर एक अक्षरच नव्हे. क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक.

बरे, [क-ह] बरोबर लिहिले तरी भागते का? आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेला, बोथ, उटनूर ही नावे घ्या. एकही पूर्ण जुळत नाही, कारण मात्रा 'ह'च्या पुढे आणि स्वर 'क'च्या मागे बसले आहेत. अशा सूत्रावर चालणारा अर्ज माणसाचे खरे नावच 'अवैध' ठरवतो. उलट २३०४ ते २४३१ हा सगळा देवनागरी विभाग घेतला, तर दंड व अंकही नावात चालतात. म्हणून मी पल्ल्याऐवजी यूनिकोडने दिलेले 'अक्षर' आणि 'जोडचिन्ह' हे गुण वापरावेत असे सांगतो. बहुतेक नव्या भाषांत ती सोय आहे.

याची खरी कसोटी आमच्याच जिल्ह्यात लागते. नारनूर मंडलातील गुंजाला गावी हस्तलिखिते मिळाली, त्या गोंडी लिपीला यूनिकोडमध्ये २०१८ साली स्थान मिळाले. तिची व्यंजने 'क'ने नव्हे, 'य'ने सुरू होतात; देवनागरीच्या सवयीने 'क'पासून पल्ला धरला तर 'य' गळालाच. स्वरांच्या क्रमांकांत मध्ये दोन जागा रिकाम्याही आहेत. शिवाय तिचा विभाग ७३०५६ पासून, म्हणजे ६५५३५ च्या पलीकडे सुरू होतो. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली आलेली 'यू' ही खूण सूत्राला जोडली नाही, तर गोंडीचे एक अक्षर दोन तुकडे समजले जाते आणि पल्ला लागतच नाही.