शोभेच्या गोगलगाईंच्या पिल्लांचे संगोपन

मत्स्यपेटीत पाळली जाणारी ‘ॲपल स्नेल’ ही गोगलगाय पाण्याबाहेर, पेटीच्या कडेस अंड्यांचा पुंजका चिकटविते. साधारणतः दोन ते चार आठवड्यांत अंडी फुटतात व पिल्ले पाण्यात उतरतात.

पिल्ले अवघी काही मिलिमीटरची असतात. पाणी गाळणाऱ्या यंत्रात ती ओढली जाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडास स्पंज बसवावा. उकडलेल्या दुधीच्या किंवा काकडीच्या पातळ चकत्या खाऊ घालाव्यात. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढावे. ते कुजल्यास पाणी नासते.

शंख बळकट होण्यास कॅल्शियम अवश्य लागते. पाणी आम्लधर्मी असल्यास शंख झिजतो. यासाठी समुद्रफेसाचा तुकडा अथवा धुऊन कुटलेले अंड्याचे कवच पेटीत ठेवावे. कळीचा चुना टाकू नये. मोरचूद किंवा तांबेयुक्त औषध गोगलगाईंस प्राणघातक आहे.

पिल्ले अधिक झाली तरी ती ओढ्यात, तळ्यात वा भातखाचरात कदापि सोडू नयेत. याच कुळातील सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून तैवानमध्ये खाद्य म्हणून आणली गेली. ती शेतात पसरली आणि पुढे फिलिपाईन्समध्येही कोवळ्या भातरोपांचा फडशा पाडू लागली. दोन्ही जाती दिसण्यात इतक्या सारख्या असतात की, सामान्य माणसास फरक ओळखणे कठीण जाते. म्हणून नको असलेले पुंजके अंडी फुटण्यापूर्वीच खरवडून उकळत्या पाण्यात नष्ट करावेत. ग्रामसेवकांनी ही गोष्ट प्रत्येक पाळणाऱ्यास समजावून द्यावी.