दारातली फुलझाडं ठेवा, बशी काढा



आपल्या घरांना अंगण नसतं, पण उंबऱ्याबाहेर हातभर जागा असतेच. तिथे रंगाच्या रिकाम्या बादलीत सदाफुली, तेलाच्या डब्यात झेंडू, खिडकीच्या जाळीला टांगलेल्या कापलेल्या कॅनमध्ये ऑफिस टाईम. पत्ता सांगताना आपण म्हणतोच, “फुलांचे डबे दिसले की तेच घर.” वस्तीत कसली बाग, असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. दारापुढे फूल असावं असं वाटणं ही बंगलेवाल्यांची मक्तेदारी नाही.

पण पावसाळा लागला की डेंग्यूचा डास याच डब्यांपाशी वाढू शकतो. म्हणून कोणी झाडं उपटून टाका म्हणतं. त्याची गरज नाही. डास कुठे वाढतो ते कळलं की पुरे.

ओल्या मातीत तो वाढत नाही. त्याला साचलेलं पाणी लागतं, तेही बऱ्यापैकी स्वच्छ. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो वेगळा डास. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचं नाव एडिस. रंग काळा, पायांवर पांढरे पट्टे. तो दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. आता आपले डबे त्याच्या नजरेने बघा. कुंडीखालच्या बशीत पाणी. मनी प्लँटच्या बाटलीत पाणी. बुडाला भोक नसलेल्या डब्यात मातीवर साचलेलं पाणी. आणि “पुढे झाड लावू” म्हणून कोपऱ्यात ठेवलेले रिकामे डबे! घरोघरी फिरताना मला अळ्या सापडतात त्या बहुतेक वेळा अशाच रिकाम्या डब्यांत. झाड बिचारं बदनाम होतं.

एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवून. अंडी काळी आणि इतकी बारीक की सहज दिसत नाहीत. पाणी ओतून दिलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडून काही महिने टिकतात, आणि पुन्हा पाणी आलं की त्यातून अळ्या निघतात. पुढे आठवडा-दहा दिवसांत उडणारा डास तयार. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी बशी, बाटली, पाण्याची टाकी, पिंप सगळं रिकामं करून आतून काथ्याने घासा आणि कोरडं होऊ द्या. नुसतं पाणी बदलून भागत नाही. बशी तर काढूनच टाका, तिच्याऐवजी डब्याखाली विटेचे दोन तुकडे ठेवा.

पिंपांबद्दल एक सांगते. नळाला तासभर पाणी येतं म्हणून आपल्याला ते भरून ठेवावं लागतं. हा आपल्या अस्वच्छतेचा दोष नव्हे. पाणी रोज पुरेसं मिळायला हवं, ही मागणी सोडायची नाही. तोवर पिंपावर घट्ट झाकण किंवा फडकं बांधा.

घरात भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे फुलदाणी असते, तिचं पाणीही रोज बदला. विहारात रविवारी वंदना झाली की फुलदाणी पुढच्या रविवारपर्यंत तशीच राहते. ज्यांच्याकडे किल्ली असते त्यांनी वंदना संपल्यावर ती रिकामी करून पालथी ठेवावी.

घरात कोणाला एकदम जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, सांधे ठणकणं असं झालं तर दवाखान्यात दाखवून रक्त तपासा. तोवर तापाला पॅरासिटॅमॉलच, तेही वय-वजनाच्या मापात. अ‍ॅस्पिरिन, आयब्रुफेन किंवा दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळी देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. धोका बहुधा त्याच वेळी असतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

आता डब्याचं. तापवलेल्या खिळ्याने प्लॅस्टिकच्या बुडाला पाच-सहा भोकं पाडा. आत खापराचे तुकडे, वर माती, शेणखत आणि थोडी वाळू. पाडलेल्या भिंतीचा सिमेंट-चुना मातीत नको. कीटकनाशकाचा किंवा अ‍ॅसिडचा डबा कितीही धुतला तरी वापरू नका, लहान मुलं त्यातल्या मातीत हात घालतात. पाणी घालण्याआधी बोट खुपसून बघा, आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको.

ऊन येत असेल तर सदाफुली, झेंडू, ऑफिस टाईम. ऑफिस टाईमची नुसती फांदी मागून आणून खोचली तरी लागते. ऊन कमी असेल तर अबोली. सदाफुलीपासून कॅन्सरवरची औषधं बनतात हे खरं, पण ती कारखान्यात शुद्ध करून, मोजून. साखर उतरावी म्हणून तिची पानं चावणं बंद करा, ती विषारी आहेत.

लहान मुलांच्या घरी कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, मुळीच नको. दोन्हींचं विष थेट हृदयावर जातं. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला गोळा करतात, तोंडातही घालतात. खाल्ल्याचा संशय जरी आला तरी मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. बी किंवा पान बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात न्या.

ओल्या मातीने भरलेली दहा लिटरची बादली पंधरा किलोच्या वर जाते. ती पोटमाळ्याच्या कठड्यावर ठेवू नका, खालून मुलं जातात. गल्ली तीन फुटांची असेल तर डबे एकाच बाजूला, भिंतीला लावून ठेवा आणि गटाराचं झाकण मोकळं सोडा. आजारी माणसाला उचलून न्यायची वेळ आली की वाट मोकळी असली पाहिजे.

झेंडूचं बी ऑगस्टच्या सुरुवातीला टाकलंत तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दारात आपलीच फुलं असतील. बी विकत घ्यायला नको. मागच्या हारातलं एखादं वाळलेलं फूल शेजारणीकडे नक्की मिळेल.